आतोबांचं नुकसान

माझ्या आतोबांचं आयुष्यात कधी नुकसान झालं नाही. छत्री मोडली, नळ आटला, शिंप्याने सदरा बिघडवला, गणपतीत चपला गेल्या, या गोष्टी चारचौघांप्रमाणे त्यांच्याही वाट्याला आल्या, किंबहुना जरा जास्तच आल्या. पण त्यांना नुकसान म्हणायला आतोबा तयार नसत. ते डिलाईल रोडला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत आणि जवळच्याच गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत. आम्ही गिरगावात राहत होतो. रविवारी मी आत्याकडे मासे खायला जात असे, आणि गेलो की पानावर बसण्यापूर्वी आतोबा मला त्या आठवड्यात काय बिघडलं आणि त्यामुळे घरात कोणती सुधारणा झाली ते दाखवत. "हे बरं झालं," अशीच त्यांच्या बोलण्याची सुरुवात असे.

एकदा चिंचपोकळीच्या पुलावर वाऱ्याने त्यांच्या छत्रीचं कापड फाडून नेलं. दुसरा कोणी उरलेल्या काड्या तिथेच टाकून घरी आला असता. आतोबांनी तो सांगाडा घरी आणला, दोरीने छताला टांगला आणि काडीकाडीला सुके बोंबील अडकवले. मांजराचा उपद्रव कायमचा थांबला. आत्याला बोंबील हवे असले की दोरी सोडायची, छत्री अलगद खाली येई. सोय झकास होती, फक्त तिच्याखाली जेवायला बसलेल्या माणसाच्या डोक्याला सोमवारपर्यंत वास येई, आणि पाहुण्याची जागा नेमकी तिच्याखालीच होती. उरलेला पावसाळा आतोबा भिजत गिरणीत गेले आणि डोकं थंड राहिल्यामुळे कामात लक्ष लागतं असं त्यांनी जाहीर केलं. सदऱ्याचंही तसंच. शिंप्याने उजवी बाही वीतभर आखूड शिवली म्हणून आत्या तावातावाने भांडायला निघाली, तर आतोबांनी तिला दारातच अडवलं. "जेवायच्या हाताला बाही लागतेच कशाला? उगाच कालवणात बुडते," ते म्हणाले. पुढच्या दिवाळीला त्यांनी शिंप्याला मुद्दाम सांगितलं की गेल्या वेळेसारखाच शिव. त्याला तो टोमणा वाटला आणि इरेला पेटून त्याने दोन्ही बाह्या बिनचूक असलेला अप्रतिम सदरा शिवून दिला. आतोबा इतके हिरमुसले की शेवटी आत्यालाच कात्री घेऊन बसावं लागलं. कापता कापता ती मला म्हणाली, "उद्या घराक आग लागली तरी हे म्हणतले, बरा झाला, उजेड पडलो."

आतोबांकडे खरोखरीची मौल्यवान अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांचा आवाज. साच्यांच्या खात्यात इतका खडखडाट असतो की कानाशी तोंड नेऊन सांगितलेलंही कळत नाही. म्हणून तिथले लोक एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. गावाकडची खुशाली, मासळीचा भाव, मुकादमाला शिव्या, सगळं असंच चाले. तिथेसुद्धा आतोबांचा आवाज ऐकू येतो अशी त्यांच्या खात्यात ख्याती होती. असा माणूस चाळीच्या नाटकात राजा व्हायला हवा होता, पण मंडळाने त्यांना वर्षानुवर्षं चोपदारच ठेवलं होतं. त्यांना एकच वाक्य असे, महाराज येत आहेत. ते आतोबा असं काही म्हणत की नंतर येणारे महाराज बोलायला लागले की लोकांना ते आजारी वाटत. महाराजांच्या तक्रारी जात आणि आतोबा चोपदारच राहत. यातही त्यांनी सुधारणा शोधली होती. चोपदाराला उभं राहायला मिळतं, त्यामुळे नाटक नीट दिसतं.

अखेर एका वर्षी मंडळाने त्यांना राजा केलं. आतोबांनी स्वतःचं काम तर पाठ केलंच, पण राणीचं, प्रधानाचं आणि शत्रूचंही केलं. सकाळी गॅलरीत दात घासता घासता ते दरबार भरवत. आत्याने आपल्या लग्नातल्या शालूचा शेला करून दिला, आणि ती कुठल्याही पाहुण्याला तो दाखवल्याशिवाय चहा देत नसे. त्या दिवसांत घरात काही बिघडलं असलंच तर आतोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. एखादा माणूस इतका सुखात असलेला मी क्वचितच पाहिला आहे.

नाटकाला काही आठवडे उरले असताना संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. आमच्या गिरगावातल्या गॅलरीत उभा असताना मला मोर्चा दिसायच्या आधी आतोबा ऐकू आले. "संयुक्त महाराष्ट्र" एवढं ते एकटे म्हणत आणि "झालाच पाहिजे" एवढं बाकीचे सगळे मिळून म्हणत, आणि दोन्ही बाजू साधारण सारख्या वाटत. शेजारचे लोक म्हणाले, कोण हो हा माणूस. मी अभिमानाने सांगितलं, माझे आतोबा. चौपाटी यायच्या आत त्यांचा आवाज चिरकला. लोकांनी सांगितलं, आता दुसऱ्याला घोषणा देऊ द्या. आतोबांनी ती कोणाला देऊ दिली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गळ्यातून नुसता वारा येऊ लागला. डॉक्टरांनी आधी गप्प राहायला सांगितलं आणि मग गप्प राहून झाल्यावर सांगितलं की आवाज परत यायचा नाही.

त्या रविवारी काय बोलावं हे ठरवत मी जिने चढलो. राजाचं काम मंडळाने शेजारच्या खोलीतल्या एका उंच, देखण्या गृहस्थाला दिलं होतं. तोही आतोबांच्याच खात्यातला होता आणि त्याला एकही वाक्य पाठ नव्हतं. शेलाही खुंटीवरून त्याच्याकडे गेला होता. आतोबांनी मला बसवलं आणि ओठ हलवले. मी गिरगावातला माणूस, मला ओठ कुठले वाचता येणार. आत्या एवढ्यातच थोडं शिकली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणतत, ह्या बरा झाला."

सुधारणा अशी होती. चाळीच्या नाटकात पाठांतर कोणाचंच नसे, पाळीवरून येऊन पाठ कधी करणार. सगळी भिस्त विंगेतल्या प्रॉम्प्टरवर. तो इतक्या मोठ्याने सांगे की प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळे. आता आतोबा प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, रंगमंचाकडे तोंड करून बसणार होते आणि नुसते ओठ हलवून वाक्यं सांगणार होते. पाठ त्यांना सगळ्यांचंच होतं, आणि कामं करणारे झाडून सगळे त्यांच्याच खात्यातले होते. आवाज होता तोपर्यंत ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही, असं आतोबांचं म्हणणं आत्याने मला सांगितलं.

नाटक असं झालं की तसं त्या चाळीत पूर्वी झालं नव्हतं. विंगेतून चकार शब्द ऐकू आला नाही आणि महाराज कुठे अडले नाहीत. महाराजांची नजर सारखी पहिल्या रांगेवर खिळलेली असल्यामुळे ते प्रजेच्या चिंतेत आहेत असा लोकांचा समज झाला. गोंधळ एकदाच झाला. रंगमंचावरची नजर न काढता आतोबा शेजारी बसलेल्या आत्याला म्हणाले, जरा सरक, पाय आखडले. सिंहासनावरचे महाराज भारदस्त आवाजात राणीला म्हणाले, "जरा सरक, पाय आखडले." राणीनेही ते आधीच वाचलं असल्यामुळे महाराजांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती सरकली. राजघराण्यातला हा समजूतदारपणा बघून बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या प्रवेशात राजा प्रजेचा निरोप घेतो. मी आतोबांच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो, म्हणून मला दिसलं की त्यांचे हात सिंहासनावर ठेवावेत तसे गुडघ्यांवर आहेत आणि डोळे वाहताहेत. मी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी ओठ हलवले. "म्हणतत, बत्तीचो धूर गेलो डोळ्यांत," आत्या म्हणाली. गॅसबत्ती आमच्यापासून बरीच लांब होती.

पुढे डिलाईल रोडवरच्या बऱ्याच मंडळांनी आतोबांना पहिल्या रांगेत बसवलं. आवाज गेल्यापासून आपली किती सुधारणा झाली हे ते आत्याच्या तोंडून सगळ्यांना सांगत. गिरणीत त्यांना काहीच कमी पडत नव्हतं, कारण तिथे सगळेच बिनआवाजाचे. तिथे ते साच्यांपाशी उभे राहून राजाची भाषणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात आणि आजूबाजूचे लोक काम करता करता मान डोलवतात, हे मला त्या उंच, देखण्या गृहस्थानेच सांगितलं. "खरो राजा तोच रे," तो म्हणाला.

मग महाराष्ट्र झाला. त्या सकाळी मी डिलाईल रोडला गेलो तेव्हा चाळीला तोरणं लागली होती आणि खालच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणीतरी घोषणा द्यायला लागला तर लोकांनी त्याला गप्प केलं. "त्येंच्याशिवाय नाय," सगळे वर बघून म्हणाले. आतोबा आखूड बाहीचा सदरा घालून गॅलरीत आले, आत्या आणि मी त्यांच्या बाजूला कठड्याशी उभे राहिलो. त्यांनी उजवा हात वर केला आणि ओठ हलवले. ऐकू काहीच आलं नाही. माना वर करून उभ्या असलेल्या त्या गर्दीने मात्र "विजय असो" असं काही दणदणीत उत्तर दिलं की आमच्या हाताखालचा कठडा थरथरला. आतोबा पुनःपुन्हा हात वर करत होते आणि खालून उत्तर येत होतं.

थोड्या वेळाने ते आत येऊन खाटेवर बसले आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. एव्हाना त्यांच्या ओठांवरचं हे बरं झालं एवढं मला ओळखू येत असे. या वेळी ते दिसलं नाही. मी आत्याकडे बघितलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतत, आज तेवढो आवाज व्हयो होतो."

यापुढे काहीतरी सुधारणा येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. आतोबांनी ओठ मिटून घेतले होते. खाली लोक अजून वर बघत उभे होते, तेव्हा आत्याने पदराने त्यांचा चेहरा पुसला आणि हात धरून त्यांना पुन्हा कठड्याशी नेलं.