सुनीलच्या संगणकातली तारीख

फोन पारोळ्याहून आला. एसटीच्या कंडक्टरचा. धुळ्याहून जळगावला येणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेला माणूस हलवूनही उठेना… खिशातल्या दुकानाच्या कार्डावर घरचा नंबर होता. मी फोन थोरल्या भावाकडे, आबांकडे दिला. संध्याकाळी त्यांनी सुनीलला घरी आणलं. सोबत त्याची पिशवी, आणि पिशवीत माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक हार्डडिस्क.

सुनील आमचा धाकटा भाऊ. संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा, पण जीव दुसरीकडेच. संगणक सुरू केला की पडद्यावर जे येतं, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं, ते कंपनी विकायला काढण्याआधी कच्चं करून थोड्या लोकांना तपासायला देते. पुढे पक्कं निघतं आणि कच्चं कुठंतरी पडून राहतं. ते कच्चं शोधत तो बंद पडलेल्या ऑफिसांच्या भंगारात हिंडायचा. धुळ्याचा प्रकाश त्याचा जोडीदार. त्यातलंच एक कच्चं दोघं मिळून कित्येक वर्षं शोधत होते.

एकदा गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत टाकताना मी विचारलं, "दुकानमा पक्कं भेटस त्यामा काय वाईट शे?"

बिबड्यांसाठी शिजवलेला पातेल्यातला गरम घाटा वाटीत घेऊन, वर तेल ओतून तो खात होता. म्हणाला, "अक्का, वाळेल बिबड्या तं बठ्ठा लोक खातस. माले घाटा पाहिजे."

मागे एक डिस्क सापडली तेव्हा त्याला धीर निघाला नाही. तशीच लावून सुरू केली. ती खरखरली आणि कायमची गेली. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तेव्हापासून दोघांचा नियम झाला, सापडलेली डिस्क आधी सुरू करायची नाही, आधी तिची नक्कल काढायची. नक्कल काढायचं यंत्र सुनीलच्या खोलीत. त्या दिवशी धुळ्याला ही डिस्क मिळाली तेव्हा प्रकाश इथंच लावून बघू म्हणत होता, "आठेच लाई देखू." सुनील म्हणाला, "नही. घर जाईसन." म्हणजे जे इतकी वर्षं शोधलं ते हातात आलं की नाही, हे न बघताच तो गाडीत बसला…

आबांचा राग त्या डिस्कवर. "याच डबडापायी गया तो. बठ्ठं भंगारमा टाकी द्या." दाराशी हातगाडी उभी राहिली. खोलीतली खोकी एकेक बाहेर गेली. आबांसमोर मी कधी बोलत नाही. त्यांनी त्या गुंडाळीला हात घातला तेव्हा मी ती ओढून छातीशी धरली.

"आबा, हाई राहू द्या. यंत्र आनि त्याना संगणक बी राहू द्या. प्रकाश येई तवलोंग."

आबांनी हात मागे घेतला. मग गाडीवाल्याला म्हणाले, "चाल तू."

तेराव्यानंतर प्रकाश आला. त्यानं डिस्क यंत्राला लावली. म्हणाला, "अक्का, जुनी शे. एकच डाव फिरी, नही तं नही." ती फिरायला लागली. मध्येच तोच खरखराट. मला ओळखीचा होता. आवाज थांबला. प्रकाशनं डोळे मिटले. आबा दाराच्या चौकटीला धरून उभे. चहा ओतलेला तसाच निवला… मग ती पुन्हा फिरली. शेवटपर्यंत फिरली, नक्कल निघाली.

या कच्च्या मालाला मुदत असते. ती सरली की तो उघडत नाही. म्हणून संगणकाची तारीख मुदतीच्या आत, पार मागे न्यावी लागते. प्रकाशनं ती नेली आणि नक्कल सुरू केली. पडदा काळा राहिला, राहिला, आणि निळा झाला. कोपऱ्यात, हे कोणतं कच्चं ते सांगणारी, इंग्रजीत बारीक ओळ होती. प्रकाशनं ती वाचली आणि पडद्यावर हात ठेवून रडायला लागला. "हाईच शे, अक्का. हाईच."

मग आबा पुढे वाकून म्हणाले, "तारीख चुकेल शे."

"राहू द्या, आबा," मी म्हटलं.

प्रकाश एक नक्कल घेऊन गेला. संगणक खोलीत आहे. रोज सकाळी पुसताना मी सुरू करते. आबा दारातून तारीख बघतात आणि जातात. तिथली तारीख रोज एकेक दिवस पुढे सरकते, पण साल ते जुनंच, सुनील कॉलेजात होता तेव्हाचं. आज तिथं मार्च लागला. बिबड्यांचे दिवस. बाहेर थंडी आहे, टाकल्या तर वाळायच्या नाहीत.

तरी मी ज्वारी भिजत घातली आहे. घाटा तर होईल.