चाकाला उलटा हात

गाडी दुकानापुढे थांबली की आमचे मिस्त्री आधी चाकांची विचारपूस करायचे, मग माणसाची. वाकून चारही चाकांजवळ उलटा हात न्यायचे. एखादं जास्त तापलेलं लागलं की म्हणायचे, "पळती हे समदे सांगत्यात. थांबती का, ते सांग."

गेवराईजवळ हायवेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ब्रेकचा कॅलिपर म्हणजे काय, हे त्यांनी मला जेवायच्या ताटलीवर शिकवलं. ताटलीची कड चिमटीत धरून म्हणाले, "हा चिमटा दोन पिनांवर सरकतो. पिन आखडली की सुटत न्हाई. पॅड घासत राहतं, चाक तापतं." मग त्याच ताटलीत भाकरी घेतली आणि अर्धी मला दिली.

एवढं शिकूनही मी शहाणपणा केलाच. माझ्या गाडीच्या पिना कोरड्या वाटल्या, म्हणून घरीच ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. काही दिवसांनी बायकोला कळा सुरू झाल्या. बीडला निघालो, तर गाडी डावीकडे ओढायला लागली, जळका वास सुटला. दुकानापाशी थांबलो. मिस्त्रींनी चाकाजवळ हात नेला आणि सरळ चावी काढून खिशात टाकली.

"चावी द्या, मिस्त्री. येळ न्हाई."

"न्हाई देत. पिनांना काय लावलंस बे?"

मी हळूच सांगितलं. साध्या ग्रीसनं आतलं रबर फुगतं, पिन जागीच धरते. पण बायकोकडं बघून ते मोठ्यानं म्हणाले, "धुरळा गेलाय आत, पोरी. माझ्या जीपमधी बस."

तोवर चावीवरून मी त्यांना नाही नाही ते बोलून घेतलं होतं. ते जीप पळवत राहिले. बीडला पोहोचल्यावर तासाभरात मुलगी झाली.

माफी मागायची राहिली. रोज त्याच रस्त्यानं जायचो, उद्या मागू म्हणायचो. गेल्या महिन्यात मिस्त्री गेले.

त्या रात्री न राहवून बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. तुमी केसपेपर काढाय गेलता, तवाच मिस्त्रींनी सांगितलं. म्हणले, त्याला बोलू नगं, आधीच लई घाबरलाय."

मला फार रडू आलं.

सकाळी त्यांच्या दुकानापुढे गाडी थांबवली. शटर बंद होतं. खाली उतरलो, चारही चाकांजवळ उलटा हात नेला. सगळी सारखीच कोमट होती. हे सांगायला मी शटरकडे वळलो.