रस्त्याकडे पाठ करून

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिरुनीलक्कुडी गावी एका लग्नघरी होतो. हातात लग्नपत्रिका होती आणि तिच्यावरचा हत्ती अण्णांनीच कोरलेला होता. निरोप्या बोलत राहिला, मी त्या हत्तीकडे बघत राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

विठोजीअण्णा माझे थोरले बंधू. कुंभकोणच्या एका छापखान्यात ते पत्रिकांसाठी लाकडी ठसे कोरत: हत्ती, समया, केळीचे खांब. पोट त्यावर चाले. जीव मात्र रस्त्यात. विड्याच्या पानांची चळत लावणारी बोटे, हंडे ठोकणारे कासार, न्हाव्यापुढे डोळे मिटून बसलेला हवालदार... सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून ते हे सारे कोरत आणि ठशावरून पहिला कागद सोलून काढताना एकटेच हसत.

यातले पहिले चित्र पोन्नम्माचे. ती जवळच्या इन्नंबूर गावाहून दही विकायला येई. अण्णांनी तिला दिसली तशी कोरली. ठसा कागदावर उलटा उमटतो, हे त्यांना ठाऊक होते. पण आजवर त्याने काही बिघडले नव्हते; समईला कुठला आलाय डावा-उजवा हात! त्यांनी कौतुकाने ते चित्र छापखान्याच्या दाराला चिकटवले. दुसऱ्या दिवशी पोन्नम्मा आमच्या दारात.

“सामी, मी डाव्या हातानं दही वाढते होय? समोरची म्हातारी म्हणते, आधी हात दाखव, मग मडकं उतर!”

अण्णा हसले. ती हसली नाही. “तुमची गंमत होते, सामी. माझी चूल या रस्त्यावर पेटते.”

त्यानंतर ती यायचीच थांबली.

अण्णांनी दारावरचा कागद काढला, ठशावर रंधा फिरवला. नुसते मनात उलटे धरून कोरायला गेले, तर पदर चुके, बांगड्या चुकत. शेवटी दाढीचा आरसा ओट्याच्या खांबाला टांगून ते रस्त्याकडे पाठ करून बसले. आरशातले उलटे कोरले, की कागदावर सुलटे उतरे. पोन्नम्माच्या जागी मडके आणि पळी घेऊन मला उभे केले. मी शाळामास्तर, येणारेजाणारे विचारीत, “काय मास्तर, दही कसं दिलंत?” अण्णा म्हणत, “हलू नको रे, हात मज नीट दिसू दे.”

आठव्या दिवशी आम्ही दोघे नवे चित्र घेऊन इन्नंबूरला चालत गेलो. पोन्नम्माने ते उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

“हात बरोबर आहे,” ती म्हणाली. “मनगट मात्र मास्तरांचं दिसतंय.”

दुसऱ्या सकाळी गल्लीत तिची हाक आली. अण्णा कोरणी हातात घेऊनच बाहेर धावले.

पुढे वीस वर्षे ते तसेच पाठमोरे बसले. “विठोजीराव रस्त्यावर रुसले,” लोक म्हणत. अण्णा आरशातून त्यांनाच हात करीत.

गेल्या आठवड्यात मी आरसा काढून आत नेत होतो. पोन्नम्माने मडके ओट्यावर टेकवले.

“राहू द्या, मास्तर. त्यात मी दिसते का बघूनच पुढं जाते.”

मी आरसा पुसला आणि होता तिथे टांगला.