टिपचं हेल्मेट

रॅपलिंग संपलं की ओले दोर वाळत घालावे लागतात. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत, आणि तोवर बोलण्यापलीकडे दुसरं काम नसतं. किस्से साठतात ते असे!

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका धबधब्यावर पर्यटकांना दोरावरून खाली उतरवणारा आमचा ग्रुप आहे. संदीपदादा मालक. कोंडीरामकाका सगळ्यांत जुने गाइड; वरच्या वाडीत त्यांची भातशेती. आणि मी महाडची, बीएस्सी झालेली, खेकडा दिसला तरी किंचाळणारी. पण दोरावर लटकले की मी दुसरीच कुणीतरी असते, खरंच!

रोजंदारी बेताचीच, सीझन चार महिन्यांचा. त्यामुळे खरी मजा टिपवर. टिप कुणालाही मिळो, ती जुन्या लाल हेल्मेटात टाकायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची.

माझी पहिली टिप पुण्याच्या एका काकांकडून. त्यांनी नोट पुढे केली आणि मी दचकून दोन पावलं मागे. "अय्या, नको नको!"

आमच्याकडे पाहुणा जाताना हातावर पैसे ठेवतो, तेव्हा दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. लहानपणापासूनची सवय! पण हे काका दुसऱ्यांदा विचारायला थांबलेच नाहीत. "सो स्वीट!" म्हणाले आणि नोट पाकिटात परत.

मागून कोंडीरामकाका म्हणाले, "गो, कॉलेजात ह्येच शिकवला काय तुला?"

कोंडीरामकाकांचं तरी काय वेगळं होतं? एका मुलाने त्यांच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "काका, तुम्हाला फाइव्ह स्टार देतो!" नाव लिहून घेतलं, फोटो काढला, गाडीत बसून गेलासुद्धा.

काकांनी दादाला विचारलं, "ते स्टार वाणी घेतो काय रे?"

मग आले मालवणला स्कूबा करून आलेले एक साहेब. दिवसभर एकच पालुपद! तिथला गाइड हात धरून नेतो, पाण्याखाली व्हिडिओ काढतो, म्हणून तिथे टिप दिली. "तिकडे मासे दाखवतात. तुम्ही काय दाखवता?"

कोंडीरामकाका त्यांच्या कमरेच्या हार्नेसचा पट्टा आवळत म्हणाले, "आमी पायथा दावतो. जित्ता."

साहेबांनी खाली पोचल्यावर शंभर दिले!

माझं मात्र "नको नको" सुटेना. ऑगस्ट संपेपर्यंत माझ्यामुळे हेल्मेटात एक रुपया पडला नव्हता. शेवटी दादाने बजावलं, "सीझनच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तरी टिप घे. नाहीतर पुढच्या वर्षी टेबलावर बसून पावत्या फाड. दोर बंद!"

मग रोज जेवणाच्या सुट्टीत तालीम सुरू झाली. काका गॉगल लावून टुरिस्ट व्हायचे, वडाचं वाळकं पान पुढे करायचे. मी लगेच घ्यायचं आणि "थँक यू सर" म्हणायचं. पहिल्या दिवशी मी पानालाही नको म्हणाले!

शेवटचा रविवार. सकाळपासून कुणी पाकीट काढेना. सगळ्यांत शेवटी उरले मुंबईहून आलेले एक जाडजूड गृहस्थ. गॉगल, हाफ पँट, तोंडात सगळं हिंदी-इंग्लिश. कड्याच्या टोकाशी आले आणि तिथेच खिळले. "नहीं होगा!"

मी म्हटलं, "सर, डर तो मुझे भी लगता है. रोज. चलो, दोनों मिलके डरते हैं."

ते हसले, आणि उतरले! मी शेजारच्या दोरावर, पाऊल पाऊल त्यांच्या बरोबरीने.

खाली सगळे उभे होते. गृहस्थांनी पाकीट उघडलं, पाचशेच्या चांगल्या चार नोटा काढल्या आणि सगळ्यांना दिसतील अशा माझ्यापुढे धरल्या. "लो बेटा!"

मी डोळे मिटले. झडप घातली. "थँक यू सर!" नोटा थेट हेल्मेटात.

कुणी टाळी वाजवेना. मी डोळे उघडले, तर गृहस्थांचा हात अजून तसाच पुढे. त्यांनी हळूच गॉगल कपाळावर चढवला.

"अगो, मी हितलाच हाय, पलीकडच्या वाडीचा! दोनदा नको तरी बोलशील!"

कोंडीरामकाकांनी हेल्मेट पोटाशी धरलं. "पुढल्या वर्षी या. बोलंल ती. दोरावरच असंल."