मायने निवडलेले पाच दगड

आमच्या भंडाऱ्याकडच्या गावातली मँगनीजची खाण बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. खाली पाणी भरू लागलं आणि ते उपसणं ठेकेदाराला परवडेना. बाबा तिथे सुरुंगाची भोकं पाडायचे. माय वर बसून दगड निवडायची. मँगनीज जड असतं; हातात हलका वाटला की दगड मागे ढिगाऱ्यावर. पुढे आम्ही चिंचवडला आलो आणि बाबा एका फाउंड्रीत लागले.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना काकांचं पत्र आलं. खाण पुन्हा सुरू होणार म्हणतात, माणसं जमीन मोजून गेली. पाठोपाठ त्यांनी जुन्या ढिगाऱ्यातल्या दगडांची पिशवीही पाठवली. माल चांगला निघाला तर बाबा पर्मनंट नोकरी सोडून गावी जाणार होते. भट्टीपाशी त्यांचं मन कधी रमलं नाही.

कॉलेजातल्या सरांनी दगड तपासले. माल उत्तम, म्हणाले. मी घरी तसंच सांगितलं. दोन दिवसांत फाउंड्रीत बातमी पसरली. आसपासच्या खेड्यांतून येणारे कामगार बाबांना म्हणाले, "काय राव, खाणमालक झाला, आता आमाला वळख देनार न्हाई." बाबा खूश होते. मला म्हणाले, "राजीनामा लिहून दे, बाबू."

तपासणीचा कागद आणायला गेलो तेव्हा सरांनी सहज विचारलं, दगड निवडले कुणी? मी सांगितलं, आईने. पिशवीतले सगळे धुऊन तिने त्यातले पाच मला दिले होते. कॉलेजात जायचा माल निवडूनच जाणार, यात आम्हाला काही वावगं वाटलं नव्हतं. सरांनी उरलेले मागवले. ते जवळजवळ सगळे साधे दगड निघाले.

घरी सांगितलं तशी माय चिडली. "मग काय खराब माल धाडू कॉलेजात? लोक काय म्हणतील?"

बाबांनी शिफ्टचा डबा उचलला. मग म्हणाले, "ढिगाऱ्यात टाकलेलाच माल असते. मलेच समजाले पाहिजे होतं." आणि दुसऱ्या शिफ्टला निघून गेले. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

सर आणखी एक बोलले होते: ढिगाऱ्यावरून पाण्याखालचं काहीच कळत नाही, खाली चांगला माल असूही शकेल. ते मी बाबांना सांगितलं नाही. माझं कॉलेजचं अजून एक वर्ष बाकी होतं.