लातूरच्या खोलीसाठी केलेला इन्व्हर्टर

मुलगी अकरावीला गेली तेव्हा बायको तिच्यासोबत लातूरला राहायला गेली, आणि नांदेडच्या घरात मी एकटा उरलो. मेडिकलच्या क्लाससाठी आई आणि लेकरू लातूरला, बाप नोकरीच्या गावी, असं आमच्या कॉलनीत आणखी दोन घरी होतं. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. सकाळी कुकर लावायचा, तेच वरण-भात दोन्ही वेळा खायचं, आणि रविवारची वाट बघायची. मुलीचा फोन तिच्या आईकडे ठेवलेला असे. रविवारी टेस्ट झाली की दहा-पंधरा मिनिटं ती माझ्याशी बोलायची.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रे. बारावीच्या वर्षी मार्च लागला तशी दुपारची लाईट जायला लागली. बायको फोनवर बोलता बोलता म्हणाली, "लाईट गेली की पोरगी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत बसते."

"मी इन्व्हर्टर करून आणतो," मी म्हणालो.

"करून? बाजारात भेटतो की."

"भेटतो. पण मी करतो."

विकत आणणं सोपं आहे हे मलाही कळत होतं. पण त्या दोघींच्या रोजच्या दिवसात माझं काहीच नव्हतं. डबा बायको करायची, क्लासला सोडायला तीच जायची, ताप आला तर उशाशी तीच बसायची. मला हाताने करता येण्यासारखं एवढंच होतं.

एका बंद पडलेल्या जुन्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे होता. पन्नास हर्ट्झचे ठोके देणारी एक छोटी चिप, आणि दोन बाजूंना तीन-तीन मॉसफेट. मॉसफेट म्हणजे बॅटरीचा करंट चालू-बंद करणारा खटकाच. त्याच्या तीन पायांपैकी एकाला गेट म्हणतात. गेटवर इशारा आला की तो उघडतो, इशारा गेला की मिटतो. एक बाजू उघडी असेल तेव्हा दुसरी मिटलेली हवी. चिपचे इशारे मी वायरीने थेट गेटांना जोडले, बॅटरी लावली. साठ वॅटचा बल्ब पेटला. पण मॉसफेटच्या मागची ॲल्युमिनियमची पट्टी पाच मिनिटांत हात लावू देईना. पंखा जोडला तर फट् आवाज झाला आणि जळका वास आला.

पुढचे दोन रविवार असेच गेले. मॉसफेट बदलायचे, जोडायचं, फट्. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "काय फुटलं हो?" मी म्हणायचो, "काही नाही, काही नाही."

कॉलेजला परीक्षांमुळे प्रॅक्टिकल बंद होती. मी सगळं पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेलं आणि सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओवर गेटचा इशारा बघितला. पडद्यावर चौकोनी ठोके दिसायला हवे होते. दिसला तो चढ, पाण्याची टाकी भरावी तसा हळूहळू वर जाणारा, आणि उतरतानाही तसाच रेंगाळणारा. म्हणजे एक बाजू पुरती मिटायच्या आत दुसरी उघडत होती, म्हणून मॉसफेट जळत होते. इशारा असा येतोय हे दिसलं, पण का, हे डोक्यात येईना.

त्या रविवारी मुलीचा फोन आला.

"पप्पा, काय करून राहिलात?"

"मॉसफेट जाळून राहिलो."

ती हसली. मी तिला सगळं सांगितलं. गेटच्या आत काचेसारखा पातळ थर असतो, त्यातून करंट जात नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे कपॅसिटरच की तो," ती म्हणाली. "मग चार्ज भरायला वेळ लागणारच. एका बाजूला किती लावलेत?"

"तीन."

"तीन पॅरलल. म्हणजे तिप्पट. तुमच्या चिपमध्ये तेवढा दम आहे का?"

वीस वर्षं पोरांना कपॅसिटर भरताना दाखवतोय मी. पण समोरचा गेट मला कपॅसिटर म्हणून दिसला नव्हता.

"पप्पा, ठेवते. केमिस्ट्री राहिलीय."

दुसऱ्या दिवशी चिप आणि गेट यांच्यामध्ये मी दोन-दोन छोटे ट्रान्झिस्टर घातले. एक गेट झटक्यात भरणारा, एक झटक्यात रिकामा करणारा. पडद्यावर ठोका सरळ भिंतीसारखा उभा राहिला. पण भिंतीच्या माथ्यावर कापरं भरल्यासारखी लाट दिसत होती. आता इशारा फार घाईने चालला होता आणि माझ्या वीतभर लांब वायरी थरथरत होत्या. वायरी कापून बोटभर केल्या, जोडीने पीळ दिला, प्रत्येक गेटच्या तोंडाशी एकेक छोटा रेझिस्टर बसवला. लाट निवाली. पंखा आणि दोन बल्ब तासभर चालवले. पट्टीवर तळहात ठेवला, कोमट होती.

सांगायला म्हणून मी वळलो. स्टुलं टेबलांवर उलटी ठेवलेली होती. खाली शिपाई व्हरांडा झाडत होता, त्याला सांगून काय कळणार? फोन काढला, बायकोला लावला, तो लागला नाही. मग डबा तिथेच उघडून खाल्ला.

शनिवारी रजा टाकून लातूरची एसटी पकडली. इन्व्हर्टरची पेटी मांडीवर. लोहा गाव गेल्यावर कंडक्टर येऊन म्हणाला, "मामा, काय हाय ह्याच्यात?"

"इन्व्हर्टर."

"बॅटरी न्हाई ना?"

"नाही. ती लातूरला घेणार."

"मग खाली ठेवा की. मांडीवर घेऊन कुठवर बसता?"

मी ठेवली नाही.

खोलीवर पोचलो तर मुलगी क्लासला गेली होती. बायकोने पाणी दिलं. शेजारच्या खोलीतली एक बाई लिंबं घेऊन दारात आली आणि मला बघून म्हणाली, "बरं झालं आलात भाऊ. पोरीला चक्कर आली त्या दिवशी आमच्या हातापायातलं बळच गेलतं."

मी बायकोकडे बघितलं. ती बाई अवघडून निघून गेली.

"कधी आली चक्कर?"

"झाले की तीन आठवडे. उन्हानंच. जिन्यात पडली. सलाईन लावलं, एका दिवसात उठली."

"मला का सांगितलं नाही?"

"तुमी तिथं एकटे. रातभर जागत बसला असता. आन् तीच म्हणली, पप्पाला नको सांगू."

मी मनात रविवार मोजले. चक्कर आल्यानंतरच तिने मला कपॅसिटरचं सांगितलं होतं. हसली होती. त्या हसण्यात मला काही कळलं नव्हतं.

मी बाजारातून बॅटरी आणली, पेटी जोडली, मेन स्विच पाडला. पंखा घूं आवाज करत फिरायला लागला. बायको त्याच्याखाली उभी राहिली, पदराने मान पुसली. "चांगला झालाय," ती म्हणाली. मुलगी यायला उशीर होता. रविवारी मला कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून क्लासच्या गेटपाशी तिला दहा मिनिटं भेटलो आणि बसस्टँडला गेलो. चकरेबद्दल विचारलं नाही. ती वाळली होती. "मॉसफेट गरम होतात का अजून?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही, तुझ्यामुळे." ती मैत्रिणींकडे बघून लाजली.

इन्व्हर्टर तिच्या प्रवेश परीक्षेपर्यंत चालला. तिला एमबीबीएस मिळालं नाही, फिजिओथेरपीला नंबर लागला, दूरच्या शहरात. ती आनंदाने गेली. खोली रिकामी करून बायको नांदेडला परतली. पहिले काही दिवस स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवलेत हे ती मला विचारायची आणि मी उठून दाखवायचो.

एका संध्याकाळी भाजी निवडताना मी तिला विचारलं, "तिथं करमायचं का तुला?"

"पहिले सहा महिने न्हाई," ती म्हणाली. "मग करमाया लागलं. त्याचंच लई वाईट वाटायचं."

मी मेथीची जुडी माझ्याकडे ओढून घेतली. इथे एकटं राहताना माझंही तसंच झालं होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.