शिपाईबाईचा प्रबंध

विद्यापीठाच्या विभागात तिला सगळे 'जेलरबाई' म्हणत. खरं तर ती जेलर कधीच नव्हती. बायकांच्या तुरुंगात साधी शिपाई होती. नोकरी सोडून फौजदारी न्यायाच्या विषयात पीएच.डी. करायला निघाली, तेव्हा वहिनी म्हणाली होती, "आत्तापर्यंत निदान पगार घेऊन तुरुंगात जात होतीस!"

सुटकेनंतर बायका कशा जगतात, हा तिचा विषय. सुटकेला आलेल्या कैद्यांच्या मुलाखती तिने वर्षभर घेतल्या. कुणालाच बाहेरची भीती नव्हती, सगळ्या तयार होत्या. तिला वाटलं, गड सर झाला.

मार्गदर्शक बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. "आवाज वरून येतायत. या उभ्या होत्या का?"

"मी बसा म्हटलं होतं की."

"कसं? म्हणून दाखव."

"बसा!"

दारात चहा घेऊन आलेला सहाध्यायी मुकाट्याने स्टुलावर बसला.

बाई हसल्या नाहीत. "यांनी उत्तरं शिपायाला दिलीत गं, तुला नाही. मुदत जवळ आलीय. हेच दिलंस तर खपूनही जाईल. तू ठरव."

त्या रात्री तिने हे आईला सांगितलं. सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "जाडं आलं तर परत दळायचं. जातं थोडंच मोडलंय?"

तिने मुदत वाढवून घेतली. तिच्याच तुरुंगातून सुटून आलेली एक बाई कपडे दुरुस्त करून द्यायची. ही दारात दिसली की ती मशीन सोडून ताडकन उभी राही. मग ही जाऊन खाली जमिनीवर बसू लागली, बटणं लावून देऊ लागली. विचारायचं काहीच नाही. एक दिवस ती बाई खेकसली, "डोळे फुटले का? उलटं लावलंस!" ते ऐकून हिचा जीव सुपाएवढा झाला. त्याच दुपारी ती बाई बोलली, "घरातसुद्धा बंद दारापाशी थांबते मी. कुणीतरी उघडेल म्हणून." मग तिनेच इतर जणींची दारं दाखवली.

खुल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "पहिल्या मुलाखती गाळता आल्या असत्या. त्यांचं वेगळं प्रकरण कशाला? स्वतःचीच चूक मांडून ठेवलीत."

"त्या खोटं बोलल्या नाहीत, सर. शिपायासमोर बोलता येतं तेवढंच बोलल्या. तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला आधी तेच ऐकू येणार. मी तर आतली होते, तरी फसले."

परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला. "हे प्रकरण मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी वाचायला देईन," ते म्हणाले आणि पदवीची शिफारस जाहीर केली.

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत कपडे शिवणारी बाई ताठ बसली होती. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून तिने सांगितलं, "आमची आहे ती."